मदत हवी आहे: दुबार बहरणाऱ्या शेंदरी आयरिससाठी घरच्या घरी संकर कसे आखावेत?

नमस्कार मंडळी,

उत्तर व्हर्जिनियात घरामागच्या वाफ्यांत मी आयरिस या फुलझाडाचे उंच ‘दाढीवाले’ (खालच्या पाकळ्यांवर केसांचा पट्टा असलेले) प्रकार वाढवतो आणि येत्या मे महिन्यापासून त्यांचे संकर करायचे ठरवले आहे. मला हवे आहे ते असे झाड, जे वसंतात फुलेलच, पण दसऱ्याच्या सुमारास, पहिले गोठवणारे दंव पडण्याआधी, पुन्हा भरवशाने फुलेल आणि ज्याचा रंग शेंदरी असेल. पांढऱ्या आणि जांभळ्या रंगांत असे आयरिस थंड प्रदेशातही मिळतात. शेंदरी रंगात मात्र माझ्या हवामानात टिकेल असे झाड मला अजून सापडलेले नाही.

आई म्हणून ‘इमॉर्टॅलिटी’ हा पांढरा वाण घ्यावा असे मनात आहे. आयरिसचे नवे वाण तयार करणारे लॉइड झुरब्रिग यांनी 1982 साली आणलेला हा वाण थंडीच्या प्रदेशातही शरद ऋतूत फुलतो. त्याचे ‘आय डू’ आणि ‘इंग्लिश कॉटेज’ हे दोन्ही पालकही झुरब्रिग यांचेच आणि दुबार बहरणारे होते, म्हणजे त्यांनी हा गुण पिढ्यान्‌पिढ्या एकाच वंशात घट्ट करत नेला, आणि माझ्या मते धडा घ्यावा तो इथूनच.

माझी खरी अडचण वडील निवडण्याची आहे. उंच दाढीवाल्या आयरिसमध्ये गुणसूत्रांचे दोन नव्हे तर चार संच, एकूण 48 गुणसूत्रे असतात, त्यामुळे अप्रभावी (प्रभावी प्रत असली की झाकला जाणारा) गुण उघड व्हायला चारही प्रती त्याच लागतात. दुबार बहर बहुधा एकाच जनुकावर अवलंबून नाही, तरी हिशेबासाठी तो एकच अप्रभावी जनुक आहे असे धरू. शेंदरी रंगही अप्रभावी आहे. ‘इमॉर्टॅलिटी’चा संकर वसंतातच फुलणाऱ्या शेंदरी झाडाशी केला, तर पहिल्या पिढीत दोन्हींपैकी एकही गुण दिसणार नाही आणि त्या भावंडांचा आपसांत संकर केल्यावर दोन्ही गुण एकत्र येण्याची शक्यता 1296 रोपांत 1 एवढीच उरते. रोपांमध्ये फूटभर अंतर ठेवायचे म्हटले, तर माझ्या अंगणात एवढी रोपे मावणे अशक्य आहे. याउलट वडीलही दुबार बहरणारा आणि शेंदरी असेल, तर पहिली पिढी सगळीच दुबार बहरेल आणि दुसऱ्या पिढीत 36 रोपांत 1 रोप शेंदरी निघेल, जे मला पेलण्यासारखे आहे.

पण असे शेंदरी वाण बहुतेक कॅलिफोर्नियासारख्या सौम्य हिवाळ्यात पुन्हा फुलणारे आहेत. आमच्याकडे त्यांचे दांडे वर येईपर्यंत दंव त्यांना जाळून टाकते. म्हणून जाणकारांना माझा मुख्य प्रश्न असा आहे, की कॅलिफोर्नियात दिसणारा उशिराचा बहर आणि ‘इमॉर्टॅलिटी’चा लवकरचा बहर यांमागचा आनुवंशिक गुण एकच आहे असे समजून चालावे का? तो वेगळा असेल, तर वरचा सगळा हिशेब कोसळतो आणि मग पहिल्या पिढीतील झाडांचा पुन्हा ‘इमॉर्टॅलिटी’शी किंवा तशाच लवकर फुलणाऱ्या वाणाशी संकर करून रंगासाठी आणखी एक पिढी थांबणेच श्रेयस्कर ठरेल.

कृतीचा भाग मला बऱ्यापैकी स्पष्ट आहे. फूल उमलताच सकाळी त्याचे परागकोश काढायचे, मधमाशीला टेकायला जागा राहू नये म्हणून खाली झुकलेल्या पाकळ्या खुडायच्या, कुक्षीच्या ओठावर पराग लावायचा आणि आई-वडिलांची नावे लिहिलेली चिठ्ठी बांधायची. सुमारे दोन महिन्यांनी बोंड तडकू लागले की बी काढायचे, शरदात कुंड्यांत पेरून थंडीत बाहेरच ठेवायचे. शरदातल्या फुलांवर मात्र बोंड पिकायला वेळच उरत नाही. त्यांचा पराग वाळवून, डबीत बंद करून, फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या मे महिन्यात वापरणारे कोणी येथे आहेत का, आणि त्या परागाने बोंडे धरतात का, हे जाणून घ्यायला आवडेल.

दुबार बहरासाठी उन्हाळाभर पाणी द्यावे लागते, आणि त्याच पाण्याने कंद कुजण्याचा धोका वाढतो. तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये पाणी किती दिवसांच्या अंतराने देता?

शेवटचा प्रश्न निवडीचा आहे. रोप साधारणपणे बी रुजल्यानंतरच्या वर्षी प्रथम फुलते, पण शरदातला बहर झाड फुटवे फुटून दाट झाल्यावरच दिसतो असे अनेकदा होते. मग एकदाच फुललेले रोप तुम्ही किती शरद वाट पाहून काढून टाकता?