आक्षेप घ्यायचा तर खर्चावर घ्या
‘भूल देणाऱ्या नर्सला डॉक्टरेट कशाला, नुसता कागद वाढवलाय’ हे मत मला मुळीच पटलं नाही. अमेरिकेत २०२२ पासून नर्सना भूल द्यायला शिकवणाऱ्या कोर्सला नवा प्रवेश डॉक्टरेटसाठीच मिळतो, हे खरं. पण त्याआधी आयसीयूसारख्या विभागात किमान एक वर्ष काढावं लागतं, मग तीन वर्षांत भूल देण्याच्या किमान ६०० केसेस आणि २००० क्लिनिकल तास. स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातून भूल, दिल्यावर बीपी धाडकन उतरतं, तेव्हा बीपी वाढवायला फेनिलेफ्रिन द्यायचं की एफेड्रिन हे नाडीचा वेग बघून क्षणात ठरवायचं असतं. हात बसल्याशिवाय ते जमत नाही. माझी काळजी वेगळीच आहे. ही तीन वर्षं बहुतेकांना पगार नाही, वर फीचं कर्ज. घर चालवणाऱ्या किती नर्सेसना हे झेपेल?