जुना व्हीसीआर नव्या टीव्हीला कसा जोडावा?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेट आमच्याकडे आहेत. व्हीसीआर चालू आहे. परंतु त्याला पिवळी, पांढरी व लाल अशी आउटपुट आहेत, तर नव्या टीव्हीला केवळ एचडीएमआय. या कॅसेट संगणकावरही उतरवून घ्यायच्या आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
'एव्ही टू एचडीएमआय' कन्व्हर्टर घ्यावा (एव्ही म्हणजे हीच पिवळी-पांढरी-लाल जोडणी). दिसायला अगदी तसाच, पण उलट दिशेने चालणारा 'एचडीएमआय टू एव्ही'ही मिळतो आणि दुकानदार घाईत तोच हाती ठेवतात, म्हणून त्याच्यावरचा मजकूर वाचूनच पैसे द्यावेत. कन्व्हर्टरला यूएसबीतून ५ व्होल्टचा पुरवठा लागतो; तो न दिल्यास पडदा कोराच राहतो.

उत्तर २:
संगणकासाठी यूएसबी व्हिडिओ कॅप्चर कार्ड, म्हणजे व्हीसीआरचे चित्र व आवाज संगणकात उतरवणारे उपकरण, लागेल. सॉफ्टवेअरमध्ये पाल ही भारतातील चित्रपद्धत आणि ७२० × ५७६ हे माप निवडावे, कारण एनटीएससी ही अमेरिकेतील पद्धत निवडलेली राहिल्यास चित्र कृष्णधवल दिसते किंवा सरकत राहते. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात. त्याला इलाज नाही.

उत्तर ३:
मुख्य गोष्ट राहिली. २०१९ च्या महापुरात घरात पाणी किंवा ओल आली असल्यास आधी कॅसेटची झडप उघडून फीत पाहावी. पांढरी बुरशी दिसल्यास ती कॅसेट मुळीच लावू नये. बुरशी व्हीसीआरच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि दुसरी, चांगली कॅसेटही खराब होते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. एका कॅसेटवर खरोखरच पांढरे ठिपके आहेत. ती बाजूला ठेवली.