मदत हवी आहे : पेटी एका षड्जापुरती शुद्ध स्वरांत लावून घ्यावी का?

फोंडा तालुक्यातील आमच्या भजनी मंडळाची पेटी ४४० हर्ट्झच्या मानकानुसार, सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेली आहे. तानपुऱ्यासोबत तिचा शुद्ध गंधार चढा लागतो, कारण षड्जाशी ५:४ या प्रमाणात जुळणारा गंधार ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा १२००वा भाग) असतो आणि पेटीचा ४०० सेंटवर. पंचमातला फरक जेमतेम दोन सेंटचा असल्याने तो खटकत नाही. मुलांचे गळे नकळत पेटीकडे ओढले जातात, याचे मला फार वाईट वाटते.

काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) हा षड्ज धरून गंधार, धैवत आणि निषाद उतरवून घ्यावेत, असा विचार आहे. परंतु काळी एकचा गंधार म्हणजेच पांढरी चार, त्यामुळे त्या पट्टीत गाणाऱ्या भगिनींचा षड्जच १४ सेंट उतरेल आणि त्यांचा गंधार आताहूनही चढा लागेल. स्केल चेंजरच्या पेटीनेही हे सुटत नाही; तिच्यात पट्ट्या सरकतात, आतले सूर (धातूच्या पात्या) तेच राहतात.

गोव्यात किंवा सावंतवाडी, बेळगाव भागात कोणी अशी पेटी लावून घेतली आहे का? धैवत ८८४ सेंटवर ठेवावा की ९०६ वर? स्वर उतरवण्यासाठी मुळाशी घासलेले सूर पावसाळ्यात टिकतात का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.