डोंगरपडीत घाणेरी आणि गाजरगवत माजलंय, चांगलं गवत न मारता काढायचं कसं?

डोंगरकाठ_वाई

राम राम मंडळी. वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या वरच्या अंगाला आमची वडिलोपार्जित गवताची पड आहे. पाचेक एकर, सगळी उताराची आणि मुरमाड. आजोबा होते तोवर मृगापासून पड राखली जायची. दसरा झाला की कापणी, आणि पेंढ्यांच्या गंजीवर म्हशी उन्हाळा काढायच्या. पुढे घरातली माणसं पुण्या-मुंबईला पांगली, राखण सुटली, ज्याची त्याची जनावरं बारमाही चरली आणि वणवे लागत राहिले. आता मी गावी परत आलोय. तीन म्हशी, दोन गावठी गाया, थोड्या शेळ्या आहेत, आणि ही पड मला पुन्हा गवताखाली आणायचीच आहे.

वरचा निम्मा भाग घाणेरीनं भरलाय, माणूस आत शिरत नाही. खालच्या भागात शेडा, पवना आणि थोडं मारवेल ही चाऱ्याची गवतं अजून तग धरून आहेत, पण त्यात गाजरगवत आणि तरोटा एवढा की लांबून सगळं हिरवंगार दिसतं आणि जनावर तोंड लावत नाही. गेल्या उन्हाळ्यात पोटाला काही नाही म्हणून एका कालवडीनं घाणेरी खाल्ली. डोळे पिवळे पडले, उन्हात उभी राहीना, नाकपुडीवरची कातडी सोलून निघाली. डॉक्टरांनी वेळेत येऊन वाचवली म्हणून बरं.

दुकानात विचारलं तर टू-फोर-डी या तणनाशकाचा एस्टर नावाचा प्रकार हातात दिला. "गवत मरत नाही, रुंद पानाचं सगळं मरतं, डोस मात्र दुप्पट घ्या," म्हणाले. बाटली अजून उघडलेली नाही. खालच्या बांधाला लागून चुलत्यांचा घेवडा आणि सोयाबीन आहे, त्याची धास्ती वाटते. गेल्या पावसात मी स्टायलोचं (चाऱ्याचं शेंगवर्गीय झाड) बीही टाकलंय, ते कुठं कुठं उगवलंय. घाणेरीवर हे औषध चालेल का? गवताला खरंच धक्का लागत नाही का? आणि फवारल्यावर जनावरं कधी सोडायची?

शेतकरी_फलटण

एवढा विचार कशाला करताय? सरळ ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, सगळं जळून मोकळं होईल. मग नव्यानं गवत लावा.

गोठा_भोर

दादा, बाटली उघडली नाहीत हे फार बरं झालं. तशीच दुकानात परत द्या. आमची पड भोरकडे, तुमच्यासारखीच उताराची. सासऱ्यांनी आणि मी मिळून ती घाणेरीतून सोडवलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ग्लायफोसेटचं. फलटणच्या दादांच्या सपाट रानात ते जमत असेल, पण त्याला गवत आणि तण यातला फरक कळत नाही. तुमचा शेडा-पवना त्यात जाईल. उताराची माती उघडी पडली की पावसाबरोबर खाली धरणात जाते, आणि जी उरते तिच्यावर सगळ्यात आधी गाजरगवतच उगवतं. शिवाय केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच करायची असं ठरवलंय. पडीसाठी ते नकोच.

तुमच्या पडीत दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांना एकच औषध लागू पडणार नाही. खालच्या भागाला फवारणी चालेल. वरच्या भागाला पहार लागेल.

खालच्या भागाचं सांगते. टू-फोर-डी वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखं काम करतं. रुंद पानाच्या झाडात ते भलतीच वाढ करून सोडतं, आणि गवताचं जुनं ठोंब ते पचवून टाकतं. जुनं ठोंब म्हणतेय हे लक्षात घ्या. बियाणं टाकून नुकतंच उगवलेलं गवत, ज्याला अजून फुटवे आलेले नाहीत, तेही त्यात मार खातं. तुमचं स्टायलो तर द्विदल, त्यालाही धोका आहे. जिथं स्टायलो उगवलंय तिथं आत्ताच काठ्या रोवून खुणा करा आणि तेवढ्यात खुरप्यानं निंदा.

एस्टर नको, कारण तो उन्हात वाफ होऊन उडतो. वारा पडलेला असला तरी बांधापलीकडे जातो. टू-फोर-डीचेच दुसरे प्रकार, म्हणजे सोडियम सॉल्टची ८० टक्क्यांची पावडर किंवा ५८ टक्क्यांचं अमाइन घ्या. पावडर एकरी ५०० ते ७५० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून. घेण्याआधी डब्यावरचं लेबल पूर्ण वाचा. कुठल्या वापराला परवानगी आहे ते त्यावरच छापलेलं असतं. आणि दुप्पट डोस अजिबात करू नका. जास्त कडक केलं तर पानं आधी करपतात, आणि करपलेल्या पानातून औषध मुळापर्यंत उतरत नाही. वरून जळाल्याचं समाधान मिळतं आणि पंधरवड्यात बुडातून परत फुटतं.

वेळ फार महत्त्वाची. गाजरगवताची पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात, मधला दांडा वर आलेला नसतो, तेव्हाच मारायचं. तुमच्याकडे ती वेळ साधारण जूनचा शेवट ते जुलै. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात त्याला फूल येतं, आणि एकेक झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकतं. पांढरं फूल दिसल्यावर पंप काढण्यात अर्थ नाही, तेव्हा हातमोजे घालून उपटायचं. उघड्या हातानं नको, अंगाला खाज सुटते आणि काहींना दमा लागतो. तरोटाही दोन-चार पानांवर असतानाच सोपा जातो. फवारल्यावर पाच-सहा तास पाऊस नसावा, म्हणून सकाळी उघडीप बघून काम धरा.

दुसऱ्या दिवशी जाऊन नीट बघा. तरोट्याचे शेंडे खाली वळलेले दिसतील, देठ पिळवटलेले, आणि आठवड्यात खोड बुडाशी फुगून उभं चिरतं. पण झाड लगेच वाळत नाही, दोन-तीन आठवडे घेतं. पुष्कळ जण तेवढ्यात "औषध लागू झालं नाही" म्हणून पुन्हा मारतात. मारू नका, थांबा.

आता घेवडा. आमच्या वाडीत एकाचा घेवडा असाच गेला. पानं वाटीसारखी वळली, कडा आखडल्या, वेलाचा शेंडा जाड होऊन थांबला, आणि फुलं आली ती तशीच गळली. बांधापलीकडच्या माणसानं भर वाऱ्यात फवारलं होतं. भावकीत त्यावरून अजून बोलणं नाही. सोयाबीन, कपाशी, द्राक्ष, टोमॅटो या सगळ्यांना टू-फोर-डीचा वारासुद्धा सोसत नाही. म्हणून चुलत्यांच्या बांधापासून वीस-पंचवीस फुटांचा पट्टा फवारायचाच नाही, तो हातानं काढायचा. उरलेल्यात तणनाशकाचं नोझल लावा, त्यावर प्लास्टिकचं हूड बसवा, नोझल गुडघ्याखाली ठेवा. आणि चुलत्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. पंप मात्र वेगळाच घ्या, त्यावर रंगानं खूण करा, पुन्हा कधी तो घेवड्यात किंवा स्ट्रॉबेरीत नेऊ नका. कितीही धुतला तरी नळीत आणि वायसरात अंश राहतो.

जनावरांचं तर नीट ऐका. तणनाशकानं कोमेजलेल्या झाडात साखर वाढते, आणि एरवी ज्या विषारी पाल्याला जनावर तोंड लावत नाही तो त्याला गोड लागायला लागतो. फवारल्यानंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. आमच्याकडे फवारलेला तुकडा पूर्ण वाळेपर्यंत एकही जनावर सोडत नाही, दुभतं तर मुळीच नाही. तुम्ही जुलैत फवारून दिवाळीपर्यंत पड राखलीत तर हा प्रश्नच उरत नाही, कारण गवत कापायला मधे तीन महिने मिळतात. राखण हेच खरं औषध आहे दादा. गवत दाट झालं की गाजरगवताच्या बीला ऊन मिळत नाही आणि ते उगवतच नाही.

घाणेरीसाठी टू-फोर-डीवर पैसे घालू नका. कोवळ्या रोपावर ते काम करतं, जुन्या जाळीची नुसती पानं गळतात. कोयत्यानं छाटली तर एका खोडाच्या जागी पाच फुटतात, आणि वणव्यानंतर तर आणखी जोमानं येते. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांनी एक पद्धत दाखवली, ती आम्ही वापरली. घाणेरीचं खोड जिथं जमिनीत शिरतं तिथं एक गाठाळ, जाडसर भाग असतो. नवे फुटवे सगळे त्या गाठीतून येतात, खालच्या मुळातून नाही. त्यामुळे आख्खं मूळ खणायची गरज नसते. जमिनीखाली दोन-तीन बोटं जाऊन मुख्य मूळ तोडायचं, गाठ वर काढायची आणि झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, म्हणजे ते परत मातीला लागत नाही. दोन माणसं लागतात, एकानं जाळी काठीनं वर उचलून धरायची आणि दुसऱ्यानं बुडात वार घालायचा. श्रावणात माती ओली असते तेव्हा हे काम सोपं जातं.

आणि सुरुवात कुठून करायची तेही सांगते, कारण इथंच माणसाची उमेद संपते. सगळ्यात दाट जाळीला आधी हात घालू नका. जिथं गवत चांगलं आहे आणि मधेमधे एखादं घाणेरीचं झुडूप आहे, तो भाग आधी मोकळा करा. तिथं गवत आपणहून पसरतं, जागा भरते, आणि पुढच्या वर्षी तुम्ही तिथून वर सरकता. दाट जाळी तोडून मोकळी केली तर तिथं खाली गवताचं ठोंबच नसतं, नुसती घाणेरीची रोपं वर येतात. तिथं हात घालाल तेव्हा मारवेलाचे ठोंब आधी तयार ठेवा आणि काढल्या काढल्या लावा.

मराठी_ब्रिस्बेन

नमस्कार. मी क्वीन्सलँडमध्ये राहतो, आमच्या मित्राचं गुरांचं रान आहे. इथंही घाणेरी हे देशपातळीवरचं मोठं तण मानलं जातं. पशुपालक फ्लुरॉक्सिपिर, मेटसल्फ्युरॉन अशी औषधं वापरतात, तीही झाड जोमानं वाढत असताना. दुष्काळात ताणावर असलेल्या झाडावर फवारणी वाया जाते, हा अनुभव इथं सगळ्यांचा आहे.

एक धोका मात्र सांगतो. पिक्लोरॅम आणि अमिनोपायरॅलिड गटातली तणनाशकं गवतातून जनावराच्या पोटात जातात आणि न मोडता शेणात उतरतात. त्या शेणखतावर टोमॅटो, शेंगवर्गीय पिकं वेडीवाकडी होतात. परदेशातले व्हिडिओ बघून कुणी असलं काही मागवायच्या विचारात असेल तर शेणखताचा आधी विचार करा. आपल्याकडे शेण वाया जात नाही, सगळं शेतातच जातं.

रानवाटा_सातारा

गोठाताईंनी सगळं सांगितलंय, दोन गोष्टी जोडते. घाणेरी उतारावर एकदम सगळी काढू नका. समतल रेषेत आडवे पट्टे पाडून काढा, मधला पट्टा पुढच्या वर्षी. मुळांनी माती धरलेली असते. काढलेली झुडपं त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला आडवी रचली की वाहणारी मातीही अडते.

दुसरं, फवारायच्या आधी गाजरगवताची पानं उलटून बघा. पांढरट अंगावर काळ्या-तपकिरी नागमोडी रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसतात का? ते मेक्सिकन भुंगेरे, १९८४ मध्ये बंगळूरला पहिल्यांदा सोडले होते आणि आता आपल्याकडेही पसरलेत. ते मुख्यतः गाजरगवतावर जगतात. जिथं भुंगेरे भरपूर आहेत आणि पानांची चाळण झालीय तो तुकडा फवारू नका, त्यांना खाऊ द्या.

डोंगरकाठ_वाई

ताई, तुमचं वाचून डोक्यातला गोंधळ निघाला. एस्टर उद्याच परत देतो. या वर्षी फक्त खालचा भाग आणि त्याच्या वरच्या कडेची सुटी झुडपं घेतो, दाट जाळी राहू देतो. स्टायलोला खुणा करायला आजच काठ्या तोडल्या. चुलत्यांशीही बोललो, ते म्हणाले बांधाचा पट्टा आपण मिळून उपटू. एकच विचारायचं राहिलं, गाठीखाली वार घालायला टिकाव बरा की पहार?

गोठा_भोर

मुरमाड आहे म्हणालात ना, मग पहारच, पण चपट्या टोकाची घ्या, लोहाराकडून धार लावून. टिकाव मुरमात उसळतो आणि वार गाठीवर बसतो, गाठ फुटली की अर्धी आत राहते. हातमोजे जाड कातड्याचे घ्या, घाणेरीच्या खोडाला बारीक काटे असतात. आणि काढलेला पाला शेळ्यांच्या वाटेवर पडू देऊ नका.