डिस्ट्रिक्टचे मेसेज एकालाच येतात. भाषा आणि डिरेक्टरी फॉर्मबद्दलही प्रश्न

शाल्मली
अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलबद्दल विचारते आहे. एक मूल एलिमेंटरीत, एक मिडल स्कूलमध्ये. डिस्ट्रिक्टकडून (म्हणजे भागातल्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या संस्थेकडून) ईमेल, टेक्स्ट, रेकॉर्डेड फोन, अ‍ॅप सगळीकडून निरोप येतात, तरी अर्ली डिसमिसलचा (शाळा लवकर सुटणार असल्याचा) टेक्स्ट एकाच पालकाला मिळतो. हे दुरुस्त कुठे करायचं? दुपारी घरी आजी-आजोबा असतात, त्यांच्यासाठी मराठीत मेसेज मागता येतो का? आणि होम लँग्वेज सर्व्हेत (घरच्या भाषेच्या फॉर्ममध्ये) 'मराठी' लिहिलं की मुलाला थेट ईएसएलला, म्हणजे इंग्रजी शिकवायच्या वेगळ्या वर्गाला, बसवतात, हे खरं आहे का? डिरेक्टरी इन्फर्मेशनचा (मुलाची माहिती शाळेने बाहेर द्यावी की नको, याचा) फॉर्मही भरायचाय, त्यात 'नको' म्हटल्यावर काय काय बंद होतं?

केदार_म
पहिल्या प्रश्नाचं उत्तर अ‍ॅपमध्ये नाही. मूळ नोंद असते पॉवरस्कूल, इन्फिनिट कॅम्पस, स्कायवर्ड अशा विद्यार्थी-नोंदींच्या सिस्टिममध्ये. निरोप पाठवणारी पॅरेंटस्क्वेअर किंवा स्कूलमेसेंजरसारखी सेवा नंबर आणि ईमेल तिथूनच उचलते, बहुतेक ठिकाणी रोज रात्री. त्यामुळे आज बदललेला नंबर उद्यापासून चालतो, आणि नुसत्या अ‍ॅपमध्ये केलेला बदल रात्री जुन्या नोंदीने पुसला जाऊ शकतो.

या सिस्टिमचं पालकांसाठीचं पोर्टल उघडून हे बघा. दोन्ही पालक 'गार्डियन' म्हणून आहेत की एक जण नुसता 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट' आहे? नेहमीचे निरोप सहसा गार्डियनलाच जातात. मोबाइल नंबर 'होम'च्या रकान्यात पडला असेल तर फोन वाजतो, पण टेक्स्ट येत नाही. ही चूक फार आढळते. आणि प्रत्येक मुलाची नोंद वेगळी बघा, थोरल्याच्या नोंदीतली दुरुस्ती धाकट्याच्या नोंदीत आपोआप उतरेलच असं नाही.

आणखी एक. डिस्ट्रिक्टचे टेक्स्ट ज्या नंबरवरून येतात त्याला जाहिरात समजून कुणी कधी 'स्टॉप' असं उत्तर पाठवलं असेल, तर त्या नंबरवरून येणारं सगळंच थांबतं, बर्फामुळे शाळा बंद असल्याचा मेसेजसुद्धा. त्याच फोनवरून 'स्टार्ट' पाठवून बघा. तरीही येत नसेल तर शाळेच्या ऑफिसला सांगा, त्यांना कुठले नंबर बंद झालेत ते दिसतं. अ‍ॅपमधली सूचना 'डायजेस्ट'वर असेल तर दिवसभराचे निरोप एकगठ्ठा येतात. ती 'इन्स्टंट' करा.

मृण्मयी
भाषेबद्दल. सर्व्हे आणि पत्रव्यवहाराची भाषा या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि गोंधळ इथेच होतो.

सर्व्हेत मुलाची पहिली भाषा, घरात बोलली जाणारी भाषा असं विचारतात. तिथे मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते, बऱ्याच राज्यांत 'विडा'ची. त्यात मूल पुरेसं सरस ठरलं की विषय संपला. थेट ईएसएलला कुणी बसवत नाही. चाचणीत कमी पडलं तर शालेय वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत डिस्ट्रिक्टने पालकांना कळवायला हवं, आणि वर्ग नाकारायचा हक्क पालकांना आहे. (वर्ग नाकारला तरी दरवर्षीची इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागते.) चाचणी टाळायला 'इंग्रजी' असं खोटं लिहू नका. ज्या मुलाला खरंच मदत हवी असते त्याचं त्यात नुकसान होतं.

मराठी निरोपांसाठी पोर्टलमध्ये किंवा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'प्रीफर्ड लँग्वेज' शोधा. ही सोय गार्डियनच्या नावापुढे असते, म्हणून आजी-आजोबांना वेगळं खातं मिळेल का ते ऑफिसला विचारा. भाषांतर यंत्राचं असतं, तेव्हा तारीख, वेळ आणि बस नंबर मूळ इंग्रजीत एकदा ताडून बघावा. इंग्रजी टेक्स्टमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. म्हणून मराठी टेक्स्टमध्ये बऱ्याचदा दोन ओळी आणि एक लिंक एवढंच येतं.

समोरासमोरच्या बैठकीसाठी, विशेषतः आयईपीच्या (विशेष मदत लागणाऱ्या मुलासाठीच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या), दुभाषा फुकट मिळतो. स्पेशल एज्युकेशनच्या कायद्यातच ते आहे. मागणी ईमेलने आणि आधीच करा, मराठीचा दुभाषा आयत्या वेळी सापडत नाही. मुलाला दुभाषा करू नका, त्याच्याबद्दलचंच बोलणं त्याने आईवडिलांना समजावणं बरोबर नाही.

निनाद
दुपारी आजी-आजोबा असतात म्हणून हे सांगायलाच हवं. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये अलर्टचे पाच शब्द ठरलेले असतात. होल्ड: वर्गातच थांबा, कॉरिडॉर मोकळा ठेवा (कुणाला बरं नसेल तरीही लागतो). सिक्युअर: धोका इमारतीबाहेर आहे, बाहेरची दारं बंद, आत शिकवणं चालू. लॉकडाऊन: धोका आत आहे, वर्गाला कुलूप, दिवे बंद. इव्हॅक्युएट म्हणजे बाहेर पडा, शेल्टर म्हणजे वादळासारख्या धोक्यात आडोसा घ्या. 'सिक्युअर' वाचून घरच्यांचा थरकाप उडू नये, एवढ्यासाठी हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

लॉकडाऊनमध्ये शाळेकडे धावू नका. दार कुणालाच उघडत नाहीत, आणि गाड्यांची गर्दी पोलीस आणि अँब्युलन्सची वाट अडवते. मुलं परत देण्याची जागा बऱ्याचदा वेगळीच असते, ती मेसेजमधून कळते. तिथे फोटो असलेलं ओळखपत्र आणि मूल न्यायची परवानगी असलेल्यांच्या यादीत नाव, दोन्ही लागतं. आजोबांचं नाव यादीत नसेल तर नातवाने ओळखलं तरी मूल मिळणार नाही. पासपोर्टवर आहे तसंच स्पेलिंग पोर्टलमध्ये टाका.

घटनेनंतरच्या पत्रात 'एका विद्यार्थ्याने' इतकंच लिहिलेलं असतं आणि पालक चिडतात. विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे कुणावर काय शिस्तीची कारवाई झाली हे डिस्ट्रिक्ट इतरांना सांगू शकत नाही. तुमच्या स्वतःच्या मुलाच्या नोंदी मात्र मागता येतात, आणि त्या ४५ दिवसांच्या आत दाखवाव्या लागतात.

शाल्मली
सगळ्यांचे आभार, पोर्टलमध्ये मोबाइल 'होम'खालीच सापडला. डिरेक्टरीच्या फॉर्मबद्दल कुणाला माहिती आहे का? 'नको' म्हटलं तर इयरबुकमध्येही फोटो येणार नाही?

केदार_म
फॉर्म कसा आहे त्यावर अवलंबून. डिरेक्टरी इन्फर्मेशन म्हणजे नाव, पत्ता, फोन, फोटो, बक्षिसं, खेळांतला सहभाग अशी माहिती, जी डिस्ट्रिक्ट संमतीशिवाय बाहेर देऊ शकतं. त्यात नेमकं काय येतं ते डिस्ट्रिक्टने दरवर्षी जाहीर करायचं असतं. काही ठिकाणी एकच चौकट असते: नकार दिला की इयरबुक, ऑनर रोल (चांगले गुण मिळवणाऱ्यांची यादी), नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेतलं नाव, सगळंच जातं. काही ठिकाणी इयरबुकला हो आणि बाहेरच्या संस्थांना नाही, असं वेगवेगळं निवडता येतं. तुमच्याकडे एकच चौकट असेल तर फॉर्म देण्याआधी ऑफिसला ईमेल करून इयरबुकचा अपवाद मागा, आणि लेखी उत्तर जपून ठेवा. वर्गात नाव पुकारणं नकारामुळे थांबत नाही.

मूल हायस्कूलला गेलं की आणखी एक नकार लागेल. सैन्यभरतीवाल्यांनी मागितली तर शाळेला विद्यार्थ्यांची नावं, पत्ते, फोन द्यावेच लागतात, पालकांनी लेखी मनाई केली असेल तरच नाही. तो फॉर्म बऱ्याचदा वेगळा असतो, आणि फॉर्मांच्या गठ्ठ्यात नसेल तर मागून घ्यावा लागतो.