गोंडस गेम पूर्व आशियाबाहेर कमाई करत नाहीत, पटतं का?

खारूताई: गोल डोकं, ठिपक्याएवढे डोळे, फिके रंग. अशा कॅज्युअल (हलक्याफुलक्या, फावल्या वेळच्या) गेमना जपान, कोरिया, तैवान, थायलंडमध्ये पैसे मिळतात. बाकी जगात लोक डाउनलोड करतात, ‘किती गोड’ म्हणतात आणि विसरतात. ॲनिमल क्रॉसिंगएवढं जगभर ओळखीचं नाव, तरी त्याच्या मोबाइल गेमची, पॉकेट कॅम्पची, ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि एकदाच पैसे भरून घ्यायची आवृत्ती आली. चुकत असेन तर सांगा.

आडवा_छेद: साफ असहमत. पॉकेट कॅम्प सात वर्षं चालला, त्याला अपयश कसं म्हणता? आणि गेम कोणत्या वाटेने लोकांपर्यंत पोचला, त्याचं श्रेय तुम्ही चित्राला देताय. कोरियात २०१२ चा ॲनिपांग हा गेम पसरला तो काकाओटॉक या मेसेंजरवरून. जपानमध्ये २०१४ चा त्सुम त्सुम, तैवान-थायलंडमध्ये कुकी रन, हे ‘लाइन’ या मेसेंजरवरून. खेळातला जीव संपला की मित्राकडे मागायचा. म्हणजे जाहिरात फुकट, शिवाय ओळखीच्यांची गुणयादी समोर. कँडी क्रशनेही २०१२ मध्ये फेसबुकवर हेच केलं. तिथे कुठे ठिपक्यांचे डोळे होते?

खारूताई: मग ‘ताबिकाएरू’ या जपानी गेमचं काय? बेडकाचा डबा भरायचा, तो आपला आपण फिरायला जातो, फोटो पाठवतो. नुसता जपानीत होता, तरी जानेवारी २०१८ मध्ये चीनच्या ॲप स्टोअरच्या मोफत यादीत पहिला. तिथे ना लाइन, ना काकाओ.

आडवा_छेद: मोफत यादीत, हे तुम्हीच लिहिलंत! खरेदीसाठी लागणारी क्लोव्हरची पानं अंगणात आपोआप उगवतात, मग विकत कोण घेणार? शिवाय चीन पूर्व आशियातच येतो. तुमच्या मुद्द्याला त्यातून बळ मिळायचं तर कमाई दिसायला हवी होती.

मोजपट्टी: दोघेही मोजल्याशिवाय भांडताय. प्रदेश तपासायचा तर आधी आयकॉन तपासा. गूगल प्लेवर गेमच्या चालू पानासमोर तुलनेसाठी तीनपर्यंत पर्याय लावता येतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि किमान पूर्ण आठवडा थांबा, कारण शनिवार-रविवारचे खेळाडू वेगळे असतात. देश एकत्र करू नका, आणि जाहिरातीतून आलेले व शोधून आलेले वेगळे मोजा.

खरी फसगत पुढे आहे. मांजराचा आयकॉन लावला की इन्स्टॉल वाढतात. आत तीन-जुळवा (तीन सारखे तुकडे जुळवायचं कोडं) निघालं की मांजरं गोळा करायला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी परतत नाही. समजा १००० इन्स्टॉलवरून १५०० झाले, पण दुसऱ्या दिवशी येणारे ४० टक्क्यांवरून २५ वर आले. म्हणजे ४०० होते, आता ३७५. जाहिरातीचा खर्च इन्स्टॉलमागे असेल तर तो मात्र दीडपट. मग अहवालात लिहितात, ‘या प्रदेशाला गोंडस शैली आवडत नाही.’ चूक प्रदेशाची नाही, जाहिरातीच्या व्हिडिओच्या पहिल्या तीन सेकंदांत खरा खेळ न दाखवण्याची आहे.

सॉफ्ट लाँचसाठी (आधी मोजक्या देशांत चाचणी म्हणून गेम आणण्यासाठी) जाहिरात स्वस्त असलेला देश निवडला तर क्रॅश आणि परत येणाऱ्यांचा अंदाज मिळतो, खरेदीचा नाही. त्या आकड्यावरून जपानची कमाई मांडणं म्हणजे पोरखेळ. (चीनमध्ये गूगल प्लेच नाही, आणि गेममधून पैसे घ्यायला सरकारी परवाना क्रमांक लागतो. ते गणित वेगळंच.)

काना_मात्रा: मोजपट्टी, +१. एक भर: थाईत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. ओळ तोडायला शब्दकोश लागतो, नाहीतर शब्द मधूनच तुटतो. वर-खाली लागणाऱ्या खुणाही असतात. गोंडस गेममधल्या गुबगुबीत, बुटक्या बटनांत त्या कापल्या जातात. ओळीची उंची वाढवा, फाँट लहान करून भागत नाही. जर्मनमध्ये उलट, शब्द आडवे बाहेर येतात. खरेदीच्याच बटनावर हे झालं तर कमाई कुठून दिसणार?

खारूताई: बेडकाचं मान्य, तो माझ्या बाजूने बोलत नाही. मेसेंजरच्या वाटेचंही मान्य. पण जीव मागायची सोय पुष्कळ गेमनी लावली आणि त्यातले बहुतेक बुडाले. मग वाट एकच असताना त्सुम त्सुमच का टिकला, याचं उत्तर आडवा_छेद यांनी द्यायचं आहे.

आडवा_छेद: डिस्नेची पात्रं. गोंडसपणा नाही, ओळख.