टॉवेल कारखान्याच्या अ‍ॅपला ओआरएम का हातानं एसक्यूएल?

अक्कलकोट रोडवाला: एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं वेब अ‍ॅप करायलोय, जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), सूत आलं किती, माल गेला किती, पार्टीकडं उधारी किती सगळं त्यात. माझं ठाम मत आहे की डेटाबेसशी बोलायचं तर एसक्यूएलमध्येच, म्हणजे त्याच्या भाषेतच बोला, मधे ओआरएमचा, म्हणजे आपल्या कोडवरनं एसक्यूएल आपोआप बनवणारा दुभाषा नको. परवा ऑर्डरची लिस्ट उघडंना म्हणून बघितलं तर 200 ऑर्डरींना 201 क्वेऱ्या (डेटाबेसला विचारणा), एक लिस्टची आणि मग पार्टीचं नाव आणायला दर ऑर्डरला एकेक! दोन्ही टेबलं जोडणारा जॉइन मारला असता तर एकात भागलं असतं.

जुळे सोलापूरकर: ते ओआरएमचं पाप नाही ओ. जँगोचं सिलेक्ट_रिलेटेड लावा, तोच जॉइन होतो. हातानं लिहायचं म्हणजे प्रत्येक टेबलाचं इन्सर्ट, अपडेट तुम्हीच लिहिणार, कॉलमचं नाव बदललं की दहा फायली शोधणार. मी आधी जिथं होतो तिथं सर्चमधलं नाव सरळ क्वेरीच्या स्ट्रिंगला चिकटवलेलं, एका पार्टीच्या नावात अ‍ॅपॉस्ट्रॉफी आली आणि पान बंद पडलं, इंजेक्शनवाला, म्हणजे सर्चच्या खान्यातनं स्वतःचं एसक्यूएल घुसवणारा, आत शिरतो तो ह्याच दारानं.

अक्कलकोट रोडवाला: पॅरामीटर, म्हणजे क्वेरीत भरायची नावं-आकडे, वेगळे दिले की डेटाबेसचा ड्रायव्हरच ते सांभाळतो, त्याला ओआरएम कशाला लागतंय? आणि उधारीचा रिपोर्ट घ्या, तारखेप्रमाणं चढती बाकी पाहिजे. एसक्यूएलमध्ये सम ओव्हर, पार्टिशन बाय पार्टी, ऑर्डर बाय तारीख, झालं. जँगोतही त्यासाठी विंडो आहे, मान्य, पण ते वाचून मलाच आधी मनात एसक्यूएल करावं लागतं. एसक्यूएलचं पहिलं स्टँडर्ड 1986चं, ते सिलेक्ट आजही चालतंय, फ्रेमवर्क किती आली न गेली.

नवी पेठेतला: दोघंबी एक विसरलाव. इथली पोरं शिकली की पुण्याला जातात, तुम्हीही जाल. कारखान्याचे मालक तेच राहणार, कोड सांभाळायला नवीन पोरगं येणार. त्याला मॉडेल्सची एक फाईल उघडली की सगळी टेबलं दिसतात, तुमच्या स्ट्रिंगा कुठं कुठं पडल्यात ते त्याला कोण सांगणार?

अक्कलकोट रोडवाला: हे मात्र पटलं, मालकांना अडकवून जायचं नाही मला. एंट्रीची पानं ओआरएमवर ठेवतो. उधारी मात्र एसक्यूएलच, पण डेटाबेसमध्ये व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) करतो आणि तो मायग्रेशनमधूनच (डेटाबेसमधल्या बदलांच्या फायली) टाकतो, म्हणजे सापडंल.

जुळे सोलापूरकर: व्ह्यू चालंल. त्याच्या मॉडेलला मॅनेज्ड फॉल्स द्यायला विसरू नका, नाहीतर जँगो त्याच नावाचं टेबल करायला जाईल. आणि तारखेवर इंडेक्स (शोध लवकर लागायला) टाकायच्या आधी एक्सप्लेन चालवून क्वेरी कशी चालते ते बघा.